पाण्याला कावीळ

दसरा झाला की राधेश्याम शेजूळचा फोन गप बसत नसे. जालन्यापासून हिंगोलीपर्यंतच्या लॅबवाल्यांच्या मशिनी त्याच्या अंगावर. वर्षभर त्या आपापल्या कारणानं बिघडायच्या, पण खंडेनवमीनंतर बिघडायच्या त्या निव्वळ भक्तीनं. कुणाच्या मशिनीच्या पंख्यात अक्षता अडकलेल्या, कुणी नारळ फोडला तो थेट बटणांवर, कुणी पेढा ठेवला म्हणून आत मुंग्यांची वरात. "अहो, पूजा करा, पण देवाच्या नाकातोंडात झेंडू कोंबू नका," असं तो हसत हसत सांगायचा आणि पेचकस काढायचा. रक्त तपासायच्या मशिनी दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा.

यंदा पहिला फोन घरूनच आला. बदनापूरहून, वंदनावहिनीचा.

"भावजी, मशीन सगळ्यांलाच कावीळ दाखवून राह्यलं. दसऱ्याला दोघांचे रिपोर्ट दिले, ते जालन्यात जाऊन पुन्हा तपासून आले, तिथं बिलकुल नॉर्मल. डॉक्टर मला फाडून खायला उठलेत."

"दिवा गेला असंल वहिनी. येतो मी."

"जल्दी या. काकासाहेब आल्यात हसनाबादहून, काकूबी आल्यात. लॅब बंद कर म्हणून बसलेत." मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "अन् भावजी... आकडा तोच हाय. ह्यांचा."

राधेश्यामनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ऊन रणरणत होतं, शेतात सोयाबीन काढणीचा धुरळा उडत होता, आणि त्याच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

कल्याण त्याचा थोरला भाऊ. आषाढात गेला. वडलांची, पुंजारामांची, पिठाची गिरणी ज्या पुढच्या खोलीत होती, तिथंच त्यानं लॅब टाकली होती. एके दिवशी सहज म्हणून स्वतःचं रक्त लावलं, तर कावीळ अकरा पॉइंट दोन. धडधाकट माणसाची एकच्या आसपास असते. कल्याण हसला आणि म्हणाला, मशीन बिघडलंय. घरात तेच सांगितलं, पेशंटांना तेच सांगितलं, आणि गडी डोळे पिवळेधमक होईपर्यंत काम करत राहिला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मागं राहिल्या वंदना आणि सहावीतली अर्पिता. वंदनाही तोच कोर्स शिकलेली. दिवसकार्य झालं, आणि लगेच तिनं खोलीचं शटर वर केलं. घर त्याच्यावरच चालत होतं.

चुलते काकासाहेब मात्र तेव्हापासून एकच धरून बसले होते: ती खोली चांगली नाही. पुंजारामही तिथंच, गिरणीच्या पट्ट्याजवळ, बसल्या जागी गेले होते. एका खोलीनं बाप आणि लेक दोन्ही घेतले. खोलीला कुलूप लावावं आणि वंदनानं अर्पिताला घेऊन हसनाबादला येऊन राहावं. म्हाताऱ्याच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

राधेश्याम पोचला तेव्हा काकासाहेब पेशंटांच्या बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गोजरबाई, त्याची चुलती, उंबऱ्याच्या बाहेर. आत पाऊल टाकायला तयार नव्हती. धाकटी बहीण शीतल अंकुशनगरहून आली होती आणि वहिनीला चिकटून उभी होती.

"आला का इंजिनेर," काकासाहेब म्हणाले. "बघ बाबा तुझ्या भावाची करणी."

"काका, करणी काय म्हणता? यंत्र हाय ते. बिघडलं असंल."

काकासाहेबांनी मान हलवली. "कल्याणबी हेच म्हणला होता."

राधेश्यामनं बॅग खाली ठेवली.

"आधी त्याला बघू तर द्या," शीतल म्हणाली. "काका, तुम्ही आल्यापासून वहिनीला बोलून राह्यलात. तिनं काय करावं? लॅब बंद केली तर खायाचं काय?"

"हसनाबादला दोन घास जड न्हाईत आम्हाला."

"घासाचं न्हाई हो काका," वंदना पहिल्यांदा बोलली. "मला माझं काम हाय." बोलताना तिनं हात पदराखाली घेतले होते.

मशीन टेबलावर होतं, पावाच्या पेटीएवढं. पुढं एक बारीक नळी. नळी नमुना ओढून घेते, आत दिव्याचा उजेड त्यातून जातो, आणि रंग किती गडद, त्यावरून आकडा पडद्यावर येतो. राधेश्यामनं झाकण काढलं. दिवा ठणठणीत. पंखा स्वच्छ. वरच्या पत्र्यावर मात्र कुणी तरी नुकतंच ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा एक चकचकीत ठिपका होता. बाकी मशिनीवर बारीक धूळ होती, तिथंच तेवढी नव्हती. त्यानं बघितलं आणि सोडून दिलं.

मग साखर लावून बघितली. बराबर. मूत्रपिंडाची तपासणी लावली. बराबर. कावीळ लावली. कंपनीकडून येणारं ओळखीचं रक्त असतं, आकडा आधीच माहीत असलेलं, मशिनीची परीक्षा घ्यायला. त्याची कावीळ एक यायला पाहिजे.

मशीन कुरकुरलं. अकरा पॉइंट दोन.

"बघ!" गोजरबाई बाहेरून म्हणाली.

"थांब काकू." त्यानं स्वतःचं बोट टोचलं नाही, सरळ शिरेतून रक्त काढायला वहिनीपुढं हात केला. इंजिनिअर लोकांची ती सवयच असते. नमुना मिळाला नाही की आपलंच काढायचं. वंदनानं सुई घातली, नळी गरगर फिरवायच्या यंत्रात लावली, वरचं पिवळसर पाणी वेगळं काढलं, औषधात मिसळलं. थोडा वेळ ठेवलं. नळीत रंग गुलाबी दिसत होता. कावीळ असली की या तपासणीत रंग गुलाबीच होतो, पिवळा नाही.

अकरा पॉइंट दोन.

मशीन बिघडतं तेव्हा ते माणसासारखंच वागतं, एकदा हे म्हणतं, एकदा ते. इतक्या वर्षांत त्यानं वाट्टेल ते खोटं बोलणाऱ्या मशिनी बघितल्या होत्या. तेच खोटं, तेवढंच, पुन्हा पुन्हा बोलणारी एकही नाही.

"माझं लाव," शीतल म्हणाली. आवाजात अजून धिटाई होती. "माझ्या अंगात काय बी न्हाई. बघा तुम्ही."

तिचंही तेच आलं. शीतलनं पडद्याकडं बघितलं, मग स्वतःच्या तळहाताकडं, मग धावत जाऊन भिंतीवरच्या आरशात डोळे ताणून बघितले.

"पिवळे हायेत का रे भाऊ? खरं सांग. पिवळे दिसतात का?"

"न्हाईत गं बाई."

"कल्याणदादाचेबी आधी न्हवते!" ती रडकुंडीला आली. "वहिनी, काका बराबर म्हणतात. बंद कर हे. माझी लहान लेकरं हायेत घरी. बंद कर बाई."

वंदनानं तिच्याकडं नुसतं बघितलं. आत्तापर्यंत पाठीशी असलेलं एकमेव माणूस उठून पलीकडं गेलं होतं.

काकासाहेबांनीही बाही वर केली. "लाव. मलाबी कळू दे." त्यांचंही तेच आलं. म्हाताऱ्यानं तो आकडा बघून हात जोडले. मशिनीला की भिंतीवरच्या कल्याणच्या फोटोला, ते समजलं नाही. "कल्याण्या," ते हळूच म्हणाले, "कुणाकुणाला नेणार रे बाबा?"

"आपण आजच्या आज जाऊ," गोजरबाई म्हणाली. "भोकरदनच्या रस्त्याला कावीळ उतरवणारा बसतो. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं उतरतं. सगळ्यांनी चला."

"काकू, गप गं!" राधेश्याम ओरडला, आणि ओरडल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं कोपऱ्यातल्या माठातून ग्लासभर पाणी घेतलं, निम्मं प्यायला, आणि उरलेल्या पाण्याकडं बघत उभा राहिला.

मग त्यानं ते पाणीच लावलं. रक्ताच्या जागी पाण्याचा थेंब, त्यात काविळीचं औषध, आणि नळी आत.

पलीकडून मालगाडी गेली, खिडकीची काच हलली, टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या. मशीन कुरकुरलं आणि थांबलं.

अकरा पॉइंट दोन.

"पाण्याला कावीळ?" शीतल कुजबुजली.

काकासाहेब उठले, टोपी घातली. "झालं. शटर ओढ, वंदना. आता मी कुणाचं ऐकत न्हाई."

"काका, दोन मिनिटं."

पाण्यानंच राधेश्यामला शुद्धीवर आणलं होतं. पाणी आजारी पडत नाही. रक्तही वेगळं, माणसंही वेगळी, सगळ्यांत सारखं काय होतं? औषध. त्यानं काविळीच्या औषधाची तपकिरी बाटली उचलली, एक पांढरी बशी मागितली आणि त्यात थोडं ओतलं. ते औषध पाण्यासारखं निवळ असतं.

बशीत फिकट गुलाबी पाणी पसरलं. तळाला दोन-तीन बारीक लाल कण होते. त्यानं एक कण नखानं टिपला, बोटांत चोळला. वास घ्यायची गरजच नव्हती. लहानपणापासून ओळखीचा रंग.

"कुंकू हाय!" तो मोठ्यानं म्हणाला आणि चक्क हसला. "काकू, कुंकू! तपकिरी बाटलीत दिसणार कसं? काविळीचा रंग गुलाबीच येतो, म्हणून वहिनीला शंकाबी आली न्हाई. खंडेनवमीला कुणी तरी बाटलीत चिमूट टाकली. कुणाला काय बी झालेलं न्हाई. मी नेहमी सांगतो लोकांना, पूजा करा पण..."

बोलता बोलता तो थांबला, कारण दुसरं कुणीच हसत नव्हतं.

"राधू," गोजरबाई सावकाश म्हणाली, "दुखाचं घर हाय. औंदा इथं खंडेनवमी झालीच न्हाई."

"मंग?"

"कुंकवाचा करंडा मी आषाढातच हसनाबादला नेला. ह्या घरात कुंकू न्हाई. इथं लावणारं हाय कोण?"

तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं आणि वंदनाकडं कुणी बघितलं नाही. कपाळ मोकळं झालेली बाई. कुंकवाला तिचा हात लागायचा नाही. कुणी तसं तिला तोंडानं सांगितलंही नव्हतं. ते असंच चालत आलं होतं.

काकासाहेब पुन्हा बाकड्यावर बसले. चेहरा उतरला होता. "पुंजाराम दर खंडेनवमीला गिरणीच्या तोंडात चिमूटभर कुंकू टाकायचा," ते म्हणाले. "बाहेरून टिळा लावून भागत न्हाई, पोटात घालावं लागतं, असं त्याचं म्हणणं. अन् कल्याण... त्यो तर बापाचंच बघून शिकलेला."

"खरं हाय," शीतल म्हणाली. "दादा मशिनीच्या आत टाकायचा. मी बघितलंय. आपण हसायचो."

"त्यो आल्ता," काकासाहेब म्हणाले. "आपण पूजा केली न्हाई, म्हणून त्यो आल्ता."

भर दुपारी, लख्ख उजेडात, चार जाणती माणसं त्या तपकिरी बाटलीकडं बघत राहिली. राधेश्यामला वाटलं, आपल्या मागं कुणी उभं आहे. मान वळवून बघायची त्याची हिंमत झाली नाही. बघितलं वंदनाकडं. तिच्या हातांवरून पदर सरकला होता. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं नख लालसर होतं, कडेला, घासूनही न गेलेलं.

त्याला मशिनीवरचा तो पुसलेला ठिपका आठवला, आणि सगळं एकदम लक्षात आलं. बोलावं तर वहिनी सगळ्यांसमोर उघडी पडते. गप बसावं तर खोलीला कुलूप लागतं. तिच्याही डोळ्यांत दिसलं की त्याला कळलंय. त्यानं नजर खाली घेतली. मनात म्हटलं, मी सांगणार नाही, काहीही होवो. दुसरं काही तरी कारण काढू.

"काका," त्यानं सुरुवात केली, "कधी कधी कारखान्यातूनच बाटलीत..."

"मी लावलं," वंदना म्हणाली.

गोजरबाईनं तोंडावर हात घेतला.

"मी लावलं कुंकू. स्टेशनजवळच्या दुकानातून पुडी आणली. दर वर्षी आम्ही दोघं मिळून पूजा करायचो, ते नारळ फोडायचे, मी टिळा लावायचे. औंदा सगळ्या बाजारपेठेत झेंडूच्या माळा, अन् माझं मशीन तेवढं उघडं. ज्यानं माझ्या लेकराच्या तोंडात घास घातला त्याला मी उपाशी ठेवू? शटर अर्धं ओढलं अन् लावलं. मंग भ्याले. फडक्यानं पुसून टाकलं." ती रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. "आता काय बोलायचं ते मला बोला. ह्यांचं नाव घेऊ नका. ह्यांना भूत करू नका."

शीतल रडायला लागली. आणि गोजरबाई, सकाळपासून उंबऱ्याबाहेर बसलेली गोजरबाई, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत आली. सरळ वंदनापुढं उभी राहिली. राधेश्यामला वाटलं, आता ही हात उगारते.

"पुडी कुठाय?" तिनं विचारलं.

"काकू..."

"कुठाय म्हणते."

वंदनानं टेबलाच्या खणातून कागदाची पुडी काढली. गोजरबाईनं ती घेतली, उघडली, आणि वंदनापुढंच धरली. "लाव. चोरून काहून लावायचं? माझ्यासमोर लाव."

"अगं, काय करून राह्यली?" काकासाहेब म्हणाले.

"तुम्ही गप बसा हो. करंडा मी नेला. ह्या पोरीला इच्यारलंबी न्हाई, नेला. ती मशिनीला लावती, कपाळाला न्हाई. अन् कपाळाला लावलं असतं तरी..." तिनं डोळे पुसले. "लाव गं."

वंदनानं बोटानं मशिनीला टिळा लावला. काकासाहेब खाली बघत होते. मग म्हणाले, "नवी बाटली आली की माझं रक्त पुन्हा लाव. बराबर निघालं तर मी शब्द बोलणार न्हाई. न्हाई तर शटर."

राधेश्यामनं जालन्याला फोन लावला. ऊन कलायच्या आत काळीपिवळी जीपमध्ये बसून नवी बाटली आली. पाण्याची कावीळ शून्य. त्याची स्वतःची सहा दशांश, शीतलची त्याहून कमी, काकासाहेबांची त्याहून थोडी जास्त. शीतलनं वहिनीच्या गळ्यात पडून माफी मागितली. काकासाहेबांनी आपला आकडा स्वतः वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाले, "उद्या शटर येळेवर उघड. पेशंट ताटकळत बसवू न्हाई." मग ते गोजरबाईला घेऊन निघाले. शीतलही त्यांच्याच गाडीत बसली.

राधेश्याम हत्यारं आवरत होता. डोकं मोकळं झालं होतं, आणि मोकळ्या डोक्यातच ती गोष्ट शिरली. कुंकवानं आकडा वाढतो, कबूल. पण पाण्याची शून्य, त्याची सहा दशांश, काकांची त्याहून जास्त. त्यात कुंकवाची भर पडली तर सगळ्यांचे आकडे थोडे थोडे वेगळे यायला हवे होते. सारखे कसे आले? आणि अकरा पॉइंट दोनच कसे?

"वहिनी," तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "बाटलीत किती टाकलं होतं?"

वंदना बेसिनपाशी नळ्या धूत होती. तिनं पाणी बंद केलं, पण वळली नाही.

"मी बाटलीला हात लावला न्हाई, भावजी."

"टिळा लावताना पडलं असंल."

"बाटली फ्रिजात होती. फ्रिजाला कुलूप, अन् किल्ली माझ्या गळ्यात. दसऱ्याला सकाळी काढली तेव्हा झाकणाचं सील मीच तोडलं." ती वळली. "काकांसमोर बोलले असते तर त्यांनी शटर ओढलंच असतं. म्हणून सगळं माझ्यावर घेतलं. मी लावला त्यो फक्त वरून टिळा. पोटात घालायची सवय माझी न्हाई."

राधेश्याम जागच्या जागी बसला. संध्याकाळचं तांबडं ऊन टेबलावर पडलं होतं, आणि त्या उन्हात जुनी बाटली अगदी रोजच्यासारखी दिसत होती. भावाची आठवण त्याला इतक्या जोरात आली की भीती आणि रडू यातलं काय वर येतंय तेच समजेना. त्यानं बाटली उचलली. "मी घेऊन जातो ही. जाळून टाकतो."

"न्हाई."

"वहिनी, अहो..."

"द्या इकडं." तिनं त्याच्या हातातून बाटली घेतली, पदरानं पुसली, आणि फ्रिजाच्या वरच्या कप्प्यात, नव्या बाटलीपासून लांब, एका बाजूला ठेवली. "तुम्हाला भ्या वाटतंय. मला न्हाई वाटत. आषाढापासून मी ह्या खोलीत एकटी हाय, भावजी. भ्या त्याचं वाटतं."

तिनं फ्रिजाचं दार लावलं. गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवून दिली.

"आजपासून कुलूप लावत न्हाई मी," ती म्हणाली.